वाचायचं आहे पण होत नाही? मग इथून सुरू करा

"मला वाचायला खूप आवडतं, पण हल्ली होतच नाही" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा नीट बसून यावर लिहायचं ठरवलं. काही जण लहानपणी अधाशासारखे वाचायचे आणि मग नोकरी, मुलं, मोबाईल यात सुटलं ते सुटलंच. काही जणांनी अभ्यासाबाहेरचं पुस्तक कधी हातातच घेतलं नाही आणि आता तिशीत, चाळिशीत, अगदी साठीतसुद्धा वाटतंय की एकदा करून बघावं. दोघांसाठीही लिहितेय. मी स्वतः रोज वाचते, मधे माझं पूर्ण सुटलं होतं ते परत कसं जमलं तेही सांगेन, आणि घरातल्या एका माणसाला साठीनंतर वाचनाचं वेड लागताना मी अगदी जवळून बघितलंय, त्यामुळे जे सांगतेय ते बहुतेक करून बघितलेलं आहे.

पायरी पहिली: आधी शाळा डोक्यातून काढा

आपल्यातल्या बऱ्याच जणांची पुस्तकाशी ओळखच परीक्षेमुळे झाली. धडा वाचला की खाली प्रश्न, प्रश्न झाले की संदर्भासह स्पष्टीकरण, कविता तुला आवडली का असं कोणी विचारलंच नाही, कवीला काय म्हणायचंय तेवढंच विचारलं. मला आठवतंय, सातवीच्या सुट्टीत एक कादंबरी मी दोन दिवसांत वाचून काढली होती आणि शाळा सुरू झाल्यावर उत्साहाने वर्गात सांगायला उभी राहिले तर पहिलाच प्रश्न आला, "त्यातून काय बोध घेतलास?" मला काहीच सांगता आलं नाही, कारण मला फक्त पुढे काय होतंय ते कळायची घाई झाली होती. मी खाली बसले. त्यात माझं काही चुकलं नव्हतं हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. पुढे काय होतंय याची घाई हाच तर आनंद आहे.

तेव्हा आता कोणी परीक्षा घेणार नाहीये हे मनाला पक्कं सांगा. बोध नको, पाठांतर नको, आणि ज्याला लोक 'दर्जेदार' म्हणतात तेच वाचलं पाहिजे असं तर अजिबात नाही. पुढचं पान उलटावंसं वाटलं की झालं.

पायरी दुसरी: चांगलं पुस्तक कुठलं हे विचारूच नका

नवीन माणूस हमखास इथे अडकतो. तो कोणातरी जाणकाराला गाठतो, सुरुवात कशाने करू असं विचारतो, जाणकार बिचारा मनापासून आपल्या आयुष्यातलं सगळ्यात थोर पुस्तक सांगतो, सहाशे पानांचं, आणि आपला माणूस चाळिसाव्या पानावर थांबतो आणि ठरवून टाकतो की वाचन हा काही आपला प्रांत नाही.

आईच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं. ती रिटायर झाल्यावर तिला मी माझं सगळ्यात लाडकं पुस्तक दिलं, जाडजूड, बारीक टाइपचं. तीन आठवड्यांनी बघते तर बाराव्या पानात लाईट बिलाची पावती खूण म्हणून ठेवलेली आणि पुस्तक उशाशी तसंच पडलेलं. म्हणाली, "छान आहे गं, पण माझ्याच्याने होत नाही." मी गप्प बसले. मग काही महिन्यांनी कोणीतरी घरी विसरून गेलेली एक पातळशी रहस्यकथा, मोठ्या टाइपातली, तिने आपणहून उचलली. एका रात्री साडेअकराला माझ्या खोलीचं दार ढकलून आत आली, चष्मा नाकावर घसरलेला, एक बोट पुस्तकात अडकवलेलं, आणि म्हणाली, "ए, तो जावई खोटं बोलतोय बघ. त्याने छत्री आणलीच नव्हती." मला जावईही माहीत नव्हता आणि छत्रीही, पण आई वाचायला लागली हे मला त्या क्षणी कळलं. त्यानंतर तिने वर्षभर फक्त रहस्यकथाच वाचल्या, मग हळूहळू आत्मचरित्रं, आणि ते माझं जाडजूड पुस्तक तिने चार वर्षांनी स्वतःहून मागून घेतलं.

मग आपली आवड शोधायची कशी? आवड तुमच्याकडे आधीपासूनच असते, फक्त ती पुस्तकाच्या रूपात ओळखीची नसते. पेपरातली कुठली बातमी तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता ते आठवा. गुन्ह्याची असेल तर रहस्यकथा किंवा खऱ्या खटल्यांवरची पुस्तकं. कोणाच्या घरात काय चाललंय, कोण कोणाशी का बोलत नाही यात जीव रमत असेल (यात काही वाईट नाही, निम्म्या थोर कादंबऱ्या त्यावरच उभ्या आहेत) तर कौटुंबिक कादंबरी. एखादा माणूस एवढा मोठा कसा झाला याचं कुतूहल असेल तर चरित्र, आत्मचरित्र. नकाशा बघत बसायला आवडत असेल तर प्रवासवर्णन. एकदम मोठं नको वाटत असेल तर कथासंग्रह घ्या, पंधरा-वीस पानांत एक गोष्ट संपते आणि आपण काहीतरी पूर्ण केल्याचं समाधान मिळतं, ललित लेखांचंही तसंच. पत्रसंग्रह आणि डायऱ्या हा प्रकार तर फार कमी लोकांना सुचतो, पण दुसऱ्याची पत्रं वाचण्यात एक वेगळीच गंमत असते आणि कुठूनही उघडून वाचता येतात. क्रिकेट, बागकाम, यंत्रं, तारे, पक्षी, तुमचा दुसरा काही छंद असेल तर त्याच विषयावरचं पुस्तक ही सगळ्यात सोपी सुरुवात.

आणि भाषा ज्यात तुम्ही मनातल्या मनात भांडता तीच घ्या. इंग्रजी सुधारावं म्हणून इंग्रजीतूनच वाचायला सुरुवात करणारे खूप भेटतात, पण मग परत अभ्यासच सुरू होतो ना. आधी वाचनाची गोडी लागू दे, दुसरी भाषा नंतर.

पायरी तिसरी: हातात घेऊन पारखा

मुखपृष्ठ आणि मागचा मजकूर बघा पण त्यावर फार विसंबू नका, तो विकण्यासाठीच लिहिलेला असतो. मी काय करते सांगते. पहिलं पान पूर्ण वाचते, मग मधलं कुठलंतरी एक पान उघडून वाचते. पहिलं पान लेखकाने दहा वेळा घासूनपुसून लिहिलेलं असतं, मधल्या पानावर तो जसा आहे तसा सापडतो. दोन्ही पानं वाचून अजून थोडं वाचावंसं वाटलं तर घ्यायचं.

टाइप किती मोठा आहे, ओळींमधे जागा किती, पुस्तक उघडल्यावर नीट उघडं राहतं की दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, हे सगळं बघायचं. लोकांना हे किरकोळ वाटतं पण बारीक टाइपामुळे सुटलेली पुस्तकं मी कितीतरी बघितलीत आणि दोष मात्र वाचणारा स्वतःला देतो. दुसऱ्या भाषेतलं पुस्तक घेत असाल तर लहान मुलांसाठी वापरतात ती पाच बोटांची कसोटी मोठ्यांनाही चालते. एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या जड आहे.

अनुवाद असेल तर एक परिच्छेद मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळली, वाक्य परत मागे जाऊन जुळवावं लागलं, तर दुसऱ्या कोणी केलेला अनुवाद मिळतो का बघा. एकाच पुस्तकाचा एक अनुवाद कंटाळवाणा आणि दुसरा झकास असू शकतो. नेमकी तीच आवृत्ती, तोच अनुवाद हवा असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, टिपून घ्या, तो बारकोडपाशी असतो. २००७ पासून तो १३ आकडी झालाय, त्याआधीच्या पुस्तकांवर १० आकडी दिसेल, आणि प्रत्येक आवृत्तीचा नंबर वेगळा असल्यामुळे शोधताना घोळ होत नाही.

पायरी चौथी: पुस्तक मिळवायचं कुठून

सुरुवातीला विकत घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. पैशांपेक्षाही कारण असं की विकत घेतलेलं पुस्तक सोडवत नाही, आणि सोडता येणं किती गरजेचं आहे ते पुढे येतंच आहे. लायब्ररी हीच नवख्या माणसाची खरी जागा. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली त्यातली दोन मला फार आवडतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणजे तुम्ही काउंटरवर जाऊन "मला काहीतरी हलकं, घरगुती, दोनशे पानांच्या आतलं द्या" असं म्हणालात तर त्यात लाजण्यासारखं काहीही नाही, ग्रंथपालाचं ते कामच आहे, आणि चांगल्या ग्रंथपालाला असा प्रश्न विचारलेला मनापासून आवडतो. फक्त "चांगलं पुस्तक द्या" म्हणू नका, मागे कुठलं आवडलं होतं आणि त्यातलं काय आवडलं तेवढं सांगा.

स्वतः शोधायचं असेल तर थोडी माहिती उपयोगी पडते. पुष्कळ लायब्रऱ्यांत मेल्व्हिल ड्यूईने १८७६ मध्ये काढलेली दशांश पद्धत वापरतात, म्हणजे प्रत्येक विषयाला एक नंबर, त्यात ८०० च्या घरात साहित्य, ९१० ला भूगोल आणि प्रवास, ९२० ला चरित्रं. कथा-कादंबऱ्या मात्र बऱ्याचदा वेगळ्या कपाटात लेखकाच्या नावाने लावलेल्या असतात. आणि नुकतीच परत आलेली पुस्तकं ठेवायची जी ट्रॉली किंवा टेबल असतं ना, ते नक्की चाळा, लोक खरोखर काय वाचतायत ते तिथे दिसतं. माझी निम्मी आवडती पुस्तकं त्या टेबलावर सापडलेली आहेत.

जुनी पुस्तकं नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात हेही माहीत असू द्या. मायकल हार्ट यांनी १९७१ मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू केलं, तिथे कॉपीराइट संपलेली हजारो पुस्तकं आहेत. कॉपीराइट किती वर्षांनी संपतो ते देशानुसार बदलतं, बऱ्याच देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६०. मात्र चालू लेखकांच्या पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ ग्रुपवर फिरत असतात त्या घेऊ नका हो, ज्याच्या पुस्तकाने आपल्याला रात्रभर जागं ठेवलं त्याच्याच पोटावर पाय कशाला द्यायचा.

एका वेळी दोन, फार तर तीन पुस्तकं आणा. एकच आणलं आणि ते नाही जमलं तर आठवडा वाया जातो, आणि दहा आणली तर ढिगाकडे बघूनच दडपण येतं.

पायरी पाचवी: रोज दहा पानं

वर्षाला अमुक इतकी पुस्तकं असा संकल्प करू नका. त्याने होतं असं की माणूस पातळ पुस्तकं शोधायला लागतो आणि भरभर वाचायला लागतो. रोज दहा पानं ठरवा. दहा पानं ही इतकी छोटी गोष्ट आहे की अगदी दमलेल्या दिवशीही होते, आणि हिशोब केला तर वर्षाची ३,६५० पानं होतात, म्हणजे अडीचशे पानांची चौदा पुस्तकं. काही दिवशी दहाची साठ होतील, काही दिवशी चारच होतील, चालायचंच.

वेळ कुठली तर जी आधीच ठरलेली आहे तिला चिकटवा. दात घासून अंथरुणावर पडल्यावर, मुलं झोपल्यावर, ट्रेनमध्ये बसायला मिळाल्यावर. "वेळ मिळाला की वाचेन" यातून वाचन होत नाही, कारण मिळालेला वेळ फोन आधी उचलतो. आणि सवय एकवीस दिवसांत लागते असं जे सांगतात त्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवीन सवय आपोआप व्हायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधे एखादा दिवस बुडाला तर फारसं काही बिघडत नाही. त्यामुळे मंगळवारी राहिलं तर बुधवारी वीस पानांचा दंड स्वतःला लावू नका, बुधवारी दहाच.

फोनबद्दल एकच सांगते, सायलेंटवर ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. हाताला येईल इतक्या जवळ असला की एखादा शब्द अडला म्हणून आपण उचलतो आणि अर्ध्या तासाने भानावर येतो. शब्द अडला तर अडू दे, पेन्सिलीने टिंब करा आणि पुढे जा, दोन पानांत बहुतेक अर्थ लागतो. पुस्तक मात्र डोळ्यांसमोर हवं. कपाटात उभं ठेवलेलं पुस्तक विसरलं जातं, उशाशी पडलेलं वाचलं जातं.

उजेड मागून, खांद्यावरून पानावर पडेल असा. पालथं पडून वाचलं की मान धरते, मी अनेक वर्षं तसंच वाचत होते, आता पाठीला उशी आणि मांडीवर दुसरी उशी, पुस्तक त्या उशीवर. इतकं साधं आहे पण त्यामुळे मी दुप्पट वेळ बसू शकते.

पायरी सहावी: लक्ष लागत नाही तेव्हा

लागणार नाहीच, आधीच सांगून ठेवते. पहिली आठ-दहा मिनिटं मन इकडेतिकडे पळतं, एक परिच्छेद वाचून झाल्यावर कळतं की डोळे फिरले पण डोक्यात काहीच गेलं नाही. लोक इथेच घाबरतात की माझी एकाग्रता संपली. तसं नसतं. वाचताना आपले डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीतच, ते उड्या मारत जातात, एका ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकतात, परत उडी, आणि सराईत वाचकांचेही डोळे दहा-पंधरा टक्के वेळा मागे जातात. मागे जाऊन परत वाचणं हा वाचनाचाच भाग आहे. मनातल्या मनात आवाज ऐकू येतो म्हणून काही जणांना वाटतं आपण चुकीचं वाचतो, तेही चुकीचं नाही, उलट संवाद असलेल्या कादंबरीत तो आवाजच तर मजा आणतो.

मन फारच पळत असेल तर पहिलं पान मोठ्याने वाचा. खरंच करून बघा, घरात कोणी असेल तर कुजबुजत. किंवा ओळीखाली बोट नाहीतर पोस्टकार्डाएवढा कागद धरून वाचा. आई अजूनही कागद धरते.

वेगाचं सोडूनच द्या. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञाने २०१९ साली १९० अभ्यास एकत्र करून बघितलं तर इंग्रजी मनात वाचण्याचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आणि कथेसाठी २६० निघाला. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणारे क्लास किती खरे ते यावरून तुम्हीच ठरवा. आणि समजा जमलंही, तरी आवडतं गाणं दुप्पट स्पीडने ऐकून काय मिळणार.

पायरी सातवी: सोडायला शिका

मला विचाराल तर ही सगळ्यात महत्त्वाची. वाचन बंद पडतं ते बऱ्याचदा एका नावडत्या पुस्तकापाशी. म्हणजे बघा, पुस्तक सुरू केलं, आवडत नाहीये, पण अर्धवट सोडायचं पाप वाटतं, आणि ते संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही असंही मनाशी ठरवलेलं, मग रोज रात्री ते समोर दिसतं, नको वाटतं, फोन घेतला जातो, असे दोन महिने जातात आणि मग सहा महिने, आणि माणूस म्हणतो माझं वाचन सुटलं. वाचन सुटलेलं नसतं, ते एका पुस्तकाने अडवलेलं असतं.

नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांचा एक नियम मी वापरते. पुस्तकाला ५० पानं द्यायची, तोवर नाही रमलात तर खुशाल सोडायचं. आणि वय पन्नासच्या पुढे असेल तर १०० मधून आपलं वय वजा करायचं, उरतील तेवढी पानं. म्हणजे आईला सत्तराव्या वर्षी एका पुस्तकाला तीसच पानं द्यायची होती. हे ऐकून ती इतकी खूश झाली की त्या आठवड्यात तिने चार पुस्तकं परत केली आणि पाचवं दोन दिवसांत संपवलं.

सोडताना एवढं मात्र बघा की कंटाळा येतोय की अवघड जातंय. अवघड पुस्तकात आपण दमतो पण बाजूला ठेवल्यावर ते मनात घोळत राहतं, त्याला अजून थोडी पानं द्या, किंवा सकाळी ताज्या डोक्याने घ्या. कंटाळवाण्या पुस्तकाची आठवणच येत नाही. तिसरीही एक शक्यता असते, की पुस्तक चांगलं आहे पण आत्ता नको, घरात कोणी आजारी असताना आजारपणाची कादंबरी कशाला वाचायची. अशांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

मधली वर्णनं गाळली, शेवट आधी वाचला, एखादं प्रकरण नुसतं चाळलं, सगळं चालतं. माझी एक मैत्रीण प्रत्येक कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचते, म्हणते मला कोण जगणार ते कळलं की मग मी शांतपणे वाचते. वाचू दे की.

कागद, स्क्रीन की कानाने

यावर लोक उगाच भांडतात. तुम्हाला ज्याने वाचलं जातं ते घ्या. ई-रीडरचा, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायच्या यंत्राचा, पडदा मोबाईलसारखा स्वतः उजळत नाही, कागदासारखा त्याच्यावर पडलेला उजेड परत टाकतो (अंधारात वाचायला वरून दिवा असतो तो वेगळा), आणि बॅटरी मुख्यतः पान बदलताना लागते म्हणून ती बरेच दिवस टिकते. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे टाइप हवा तेवढा मोठा करता येतो. मोबाईलवर वाचत असाल तर नोटिफिकेशन बंद, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फूट लांबच्या कशाकडेतरी बघायचं, कारण स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात.

ऑडिओबुक म्हणजे खरं वाचन नाही असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. दृष्टिहीन वाचकांसाठी अमेरिकेत १९३४ पासून रेकॉर्डवर बोलकी पुस्तकं निघत होती, तीही वाचलीच गेली ना. फक्त पहिलं ऑडिओबुक निवडताना पुस्तकापेक्षा वाचणाऱ्याचा आवाज ऐकून निवडा, दहा तास तोच आवाज कानात असणार आहे. आत्मचरित्र लेखकाच्याच आवाजात मिळालं तर फारच छान.

थोडं लिहून ठेवा

एक साधी वही. पुस्तकाचं नाव, संपलं ती तारीख, आणि दोन ओळी. परीक्षण वगैरे नको, "शेवटी त्या म्हाताऱ्याने कुत्र्याला परत बोलावलं तिथे रडले" एवढं पुरे. दोन वर्षांनी ती वही चाळलीत की आपली आवड आपल्यालाच कळते, मला वहीमुळेच कळलं की मी ज्या कादंबऱ्यांना जीव लावते त्या जवळजवळ सगळ्या एकाच घरात घडतात. त्याच वहीत उसनी दिलेली पुस्तकं लिहा, कोणाला, कधी. लिहिलं नाही तर पुस्तकही जातं आणि विचारायला संकोच वाटून माणूसही दुरावतो.

पात्रं खूप असलेल्या कादंबरीसाठी जाड कागदाची खूण करा आणि तिच्यावरच नावं लिहीत जा, कोण कोणाचा कोण. आठ दिवसांच्या खंडानंतर परत उघडलं की हरवायला होत नाही. पान दुमडू नका, दुमडलेला कोपरा जुन्या कागदात पुढे तुटूनच जातो. आणि पुस्तकं उन्हात किंवा ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन नावाचं लाकडातलंच द्रव्य असतं, उजेडाने तो पिवळा पडतो, आणि ओल असली की कसर लागते.

बोलायला कोणीतरी

एक माणूस पुरे. ग्रुप काढायचाच असेल तर चार-पाच जणांचा, महिन्यातून एकदा, आणि पुस्तक पूर्ण झालं नाही तरी यायचं हा नियम ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत लोक गळतात. सुरुवात "कसं वाटलं" याने करू नका, सगळे "छान" म्हणून गप्प होतात. "कोणाचा राग आला" असं विचारा, मग बघा.

मधेच बंद पडलं तर

पडतं. सगळ्यांचं पडतं, वर्षानुवर्षं वाचणाऱ्यांचंसुद्धा. अशा वेळी नवीन मोठं पुस्तक घेऊ नका. पूर्वी आवडलेलं एखादं परत वाचा, गोष्ट माहीत असते त्यामुळे लक्ष सुटलं तरी धागा तुटत नाही. किंवा एकच कथा. किंवा लहान मुलांचं पुस्तक, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय.

घरातल्या एका मोठ्या आजारपणानंतर मला आठ महिने काहीही वाचता येत नव्हतं, एकच ओळ तीन-तीनदा वाचायची आणि पुस्तक मिटायचं. मग एकदा भावाकडे गेले होते, भाचीच्या शेल्फवर वाट चुकलेल्या एका अस्वलाच्या पिल्लाचं पुस्तक होतं, मोठी अक्षरं, पानाला चार ओळी. सहज काढलं आणि शेल्फापाशी उभ्याउभ्याच वाचायला लागले, नदी आली, पूल तुटलेला, पिल्लू मागे वळून बघतंय, आणि माझ्या लक्षातच आलं नाही की भाची केव्हाची शेजारी येऊन उभी आहे. ती थोडा वेळ थांबली, मग माझी ओढणी ओढून म्हणाली, "आत्या, झालं की मला दे हं, मी पण तिथेच आहे, पुलावर."